जुने गाणे टिकते कसे?

शिरूरहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. न्हावरे मागे पडते, पारगावाजवळ भीमा ओलांडावी लागते आणि थोड्या वेळात दौंड तालुक्यातला चौफुला येतो. पुणे-सोलापूरचा मोठा रस्ता इथे आडवा येतो. पुढे सुपे, मोरगाव करीत वाट साताऱ्याच्या दिशेला लागते. याच वाटेवर एका बाईची कानातली बुगडी हरवली, असे मला लहानपणी वाटत असे. गाण्यात फक्त सातारा आहे; शिरूर नाही, सुपे नाही, चौफुला तर नाहीच. पण आमच्या बाजूच्या माणसाने साताऱ्याला जायचे म्हणजे दुसऱ्या कोणत्या रस्त्याने जायचे? तेव्हा ती बुगडी सांडली ती इथेच कुठेतरी, हे मी मनाशी पक्के करून टाकले होते. पुढे कऱ्हाडकडचे एक शिक्षक भेटले. त्यांच्या मते ती त्यांच्या रस्त्याला हरवली होती.

मला आज जे सांगायचे आहे ते बरेचसे या वेड्या समजुतीतच आहे. पण जरा बैजवार सांगतो.

'बुगडी माझी सांडली गं' हे गाणे १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातले. दिग्दर्शक अनंत माने, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल वसंत पवारांची, गळा आशा भोसले यांचा, आणि पडद्यावर नाचल्या त्या जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षे! खेड्यापाड्यांतून माणसे भाकरी बांधून तो बघायला जात. आता हेही ध्यानात घ्या, की स्वातंत्र्यानंतर लगोलग मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे समिती नेमून, वग आधी तपासून घ्यायचे अशा अटीवर ती उठवली. ज्या लावणीकडे सरकार असे डोळे वटारून बघत होते, तीच लावणी दहा-बारा वर्षांत पुण्याच्या चित्रपटगृहात अडीच वर्षे मुक्काम ठोकून बसली.

पण त्या वेळी हे गाणे म्हणजे 'चालू' गाणे होते. चहाच्या हॉटेलातले, जत्रेतल्या पाळण्याजवळच्या कर्ण्यावरचे, वरातीच्या बँडचे. दोन हंगाम चालेल आणि जाईल, असेच जाणत्यांना वाटले असणार. त्या साली अशी शेकडो गाणी आली आणि गेली. हे मात्र राहिले, आणि आज पासष्ट वर्षांनंतरही शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरसाल कुठली ना कुठली मुलगी त्यावर नाचतेच. ते का राहिले, असे विचारले तर आपण चटकन म्हणतो, 'जुनं ते सोनं.' ही म्हण मला मुळीच पटत नाही. घरात जुनी खुरपी असतात, ती सोन्याची होत नाहीत. जुने झाले म्हणून गाणे अभिजात होत असते तर सगळीच झाली असती.

याच माडगूळकरांनी आणि सुधीर फडक्यांनी १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू केले. वर्षभरात ५६ गीते झाली. दर आठवड्याला नवे गीत यायचे, वर्तमानपत्रे शब्द छापायची, आणि रेडिओ ज्याच्या घरी असेल त्याच्या ओट्यावर आळी जमायची. गीतरामायण थोर आहेच. पण त्याच्या पाठीशी रामकथा होती, आकाशवाणी होती, घराघरातली श्रद्धा होती. बुगडीच्या पाठीशी काय होते? ना देव, ना दरबार, ना पाठ्यपुस्तक. १९५२ पासून केसकर मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावले होते. लोकांनी मग सिलोन लावले. १९५७ साली विविध भारती निघाली तेव्हा ते दार पुन्हा उघडले. शहाण्या माणसांनी लोकांची आवड सुधारायला निघावे आणि लोकांनी निमूटपणे बटण फिरवावे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.

तेव्हा जे गाणे कोणाच्याही आधाराशिवाय टिकले, तेच आपण तपासायला घ्यावे हे बरे.

चौफुल्याला संगीतबारीची थिएटरे आहेत, हे मी सांगायला नको. पुष्कळांना ठाऊक असते. काहीजण ठाऊक नाही असे दाखवतात, एवढेच. शिक्षक बंधुभगिनींसाठी म्हणून सांगतो: ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, वग असा सारा सरंजाम असतो. संगीतबारीत वग नसतो. तिथे गाणे, नाच आणि अदा. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात, आणि प्रत्येक पार्टीला आपली पाळी, म्हणजे बारी, मिळते. पेटी, तबला, ढोलकी एवढ्यावर काम चालते. ऐकणारा पैसे ठेवून गाणे मागतो. त्या पैशाला दौलतजादा म्हणतात. या व्यवहारात बाईच्या वाट्याला काय काय आले, त्याचा विचार केला तर मान खाली जाते. पण गाण्याच्या बाजूने पाहिले तर ही फार कडक परीक्षा आहे. तिथे कोणी गाण्याला भिडेखातर पास करीत नाही. जे गाणे पुन्हा पुन्हा मागितले जाते ते शिकावेच लागते, आणि जे कोणी मागत नाही ते पेटीवाल्याच्या वहीत पडून राहते.

मी एकदा तिथल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला विचारले, "मामा, बारीत कोणतं गाणं टिकतं?"

तो म्हणाला, "ज्यात जागा हाय ते."

"जागा म्हणजे?"

"आवं, भरगच्च गाणं कामाचं न्हाई. समदंच त्यानं सांगून टाकलं, तर बाईनं काय करावं? आन् म्या काय वाजवावं?"

गाणाऱ्याला जिथे आपली करामत दाखवता येते त्याला गवई 'जागा' म्हणतात, हे मला माहीत होते. पण त्याला त्याहून जास्त सांगायचे होते, ते बारी बघितल्यावर समजले. बैठकीच्या लावणीत बाई बसून एकच ओळ घेते आणि दहा वेळा म्हणते. एकदा रुसून, एकदा हसून, एकदा कोणी बघत नाही अशी खात्री करून घेऊन. शब्द तेच, चाल तीच, पण अदा बदलली की अर्थ बदलतो. हे होण्यासाठी मुळात ती ओळ अशी हवी की तिने सगळा अर्थ स्वतःच खाऊन टाकलेला नाही.

आता बुगडीकडे बघा. एका बाईचा कानातला दागिना वाटेत पडला, आणि घरी कोणी चुगली करू नये एवढीच तिची काळजी. कसा पडला, बरोबर कोण होते, हे तुम्ही ठरवायचे. दहा वर्षांची मुलगी ऐकते तेव्हा दागिना हरवल्याची भीती तिला खरीच वाटते, कारण आईची फुले हरवल्यावर काय होते ते तिला माहीत असते. तिच्या आजीला त्याच गाण्यात दुसरेच काही ऐकू येते आणि ती पदराआड हसते. बारीतल्या गिऱ्हाइकाला तिसरेच ऐकू येते. गाणे तिघांनाही खोटे बोलत नाही. म्हणून तर ते चौफुल्याच्या थिएटरात चालते आणि मुख्याध्यापकांच्या समोरही चालते. रस्त्याचे नावसुद्धा त्याने पुरते सांगितलेले नाही. त्यामुळे मी ती वाट शिरूरची समजलो आणि कऱ्हाडचे मास्तर कऱ्हाडची.

हे सिनेमातून बारीकडे गेलेले गाणे झाले. उलट वाटेने आलेले गाणे पाहा, म्हणजे दुसरी एक गोष्ट दिसेल.

'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी आपल्या कानांवर पहाटेची पडलेली आहे. ती होनाजी बाळाची. होनाजी बाळा हे एकाच माणसाचे नाव समजणारे चांगले शिकलेले लोक मला भेटले आहेत. ती दोन माणसे होती. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी, कवने रचणारा. बाळा करंजकर हा शिंपी, गोड गळ्याचा. दोघांनी मिळून फड काढला आणि पेशवाईच्या शेवटच्या काळात नाव कमावले. दुसऱ्या बाजीरावाला त्यांच्या लावणीचा शौक. पुढे ती पेशवाई राहिली नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इंग्रजांची पलटण आपल्या शिरूरच्या छावणीतून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीम्याला लढाई झाली; सहा महिन्यांच्या आत बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. दरबार संपला, शाहिरांची बिदागी संपली. पण फडात गाणाऱ्या गवळ्याने रचलेली ही भूपाळी राहिली.

ती का राहिली, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला सांगावे लागणार नाही. देवाला उठवायची गाणी पुष्कळ आहेत. या गाण्यातल्या सकाळी गाई हंबरतात आणि धार काढायची वेळ झालेली असते. पहाटे गोठ्यात बसणाऱ्या माणसाने ते लिहिले आहे. आजही दौंड-शिरूरच्या गावांतून पहाटे दुधाचे कॅन घेऊन माणसे डेअरीवर जातात तेव्हा कुठल्या तरी घरातून, कुठल्या तरी देवळाच्या कर्ण्यातून ती ऐकू येते, आणि त्या सकाळीत नि या सकाळीत फारसा फरक नसतो.

१९५१ साली व्ही. शांताराम यांनी होनाजीवर 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला. संगीत वसंत देसाई यांचे. भूपाळी पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गाइली. चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवापर्यंत गेला. त्यानंतर ही भूपाळी ज्या घरांत शिरली त्यांतली कित्येक घरे अशी, की जिथे 'तमाशा' हा शब्द जेवताना उच्चारलेला चालत नसे. तमाशाच्या फडातला शाहीर देवघरात जाऊन बसला. गाणे जुने होऊन टिकू लागले की ते आपल्या जन्माची जागा सोडते, ते असे. आणि जागा सोडताना बरोबरची माणसे मागे राहतात. होनाजीचे नाव तरी जोडनावात उरले. बाळाचे त्या जोडनावाच्या शेपटाला लागून आले म्हणून वाचले. त्यांच्या मागे झील धरणाऱ्यांची, तुणतुणे वाजवणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

हे आपल्याकडेच होते असे नाही. वाढदिवसाला आता खेड्यातसुद्धा केक कापतात आणि एक इंग्रजी गाणे म्हणतात. त्याची चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या दोघी बहिणींची, मिल्ड्रेड हिल आणि पॅटी हिल. पॅटीबाई बालवाडीच्या शिक्षिका. सकाळी वर्गात आल्यावर नमस्कारासाठी म्हणून त्यांनी ते बसवले आणि १८९३ साली पुस्तकात छापले. लोकांनी शब्द बदलून त्याला वाढदिवसाला जुंपले. पुढे एक कंपनी कितीतरी वर्षे त्याच्या हक्काचे पैसे घेत राहिली. २०१५ साली तिथल्या न्यायालयाने तो हक्क अमान्य केला. बाकी जगभर रोज ते गाणे म्हणणाऱ्यांना त्या शिक्षिकेचे नाव माहीत नाही. शिक्षक बंधूंनो, तुम्ही वर्गासाठी जोडलेल्या एखाद्या बडबडगीताचे काय होईल, ते कोणी सांगावे!

गाणे टिकवण्यात यंत्राचा हात किती, हे विचारणारे विचारतील. हात मोठा आहे. आपल्याकडे १९०२ पासून गाणी तबकडीवर चढू लागली. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. बारीत अर्धा तास रंगणारी लावणी त्या तीन मिनिटांत दुमडून घालावी लागली. त्यामुळे तिच्यातल्या जागा गेल्या, आणि त्याच तबकडीमुळे ती जत्रेच्या कर्ण्यावर बसून यवत-पाटसच्या माळावर पोहोचली. दोन्ही खरे आहे. मला तबकडीची एकच गोष्ट खटकते. तिच्यामुळे पोरीसोरी 'तसेच' गायला शिकल्या. आशाबाईंनी जिथे हरकत घेतली तिथेच घ्यायची, हसू तिथेच. ढोलकीवाल्या मामाला हे अजिबात मान्य नव्हते. "नक्कल म्हंजी काय गाणं हाय व्हय?" असे तो म्हणाला, आणि मला वाटते त्याचेच बरोबर होते.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, ज्यात जागा आहे ते टिकते, हा नियमच झाला की. नाही. जात्यावरच्या ओव्यांकडे बघा. ओवीइतकी मोकळी जागा कुठल्या गाण्यात आहे? चाल सगळ्यांची, शब्द जिचे तिचे. भाऊ आला तर भावाची ओवी, लेक सासरी गेली तर लेकीची, विठ्ठलाची, भीमाईची, पुढे बाबासाहेबांचीसुद्धा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाजही त्या साठ्यात आहेत. पण गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. आता ते लग्नात हळद दळायला तेवढे बाहेर येते, त्या दिवशी पाच ओव्या होतात, आणि पुन्हा कोपऱ्यात. गाण्याची काही चूक झाली नाही. त्याचे काम गेले. गिरणी आली म्हणून कोणी बाई रडली असे मी ऐकलेले नाही. पहाटे तीनला उठून दळायला लागणे म्हणजे काय, ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक, आणि ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे बहुधा दळणारे नसतात.

म्हणजे गाण्याला दोन गोष्टी लागतात. आत रिकामी जागा आणि बाहेर काहीतरी काम. बुगडीला गॅदरिंग आहे, वरात आहे, बारी आहे. भूपाळीला पहाट आहे. काम असेतो गाणे माणसांच्या तोंडी राहते. ते गेले की तेच गाणे संग्रहात राहते, आणि संग्रहात राहणे म्हणजे टिकणे नव्हे, असे माझे मत आहे. ते चुकीचेही असेल. सविंदण्याची एखादी नात उद्या तो साठा उघडून आजीचा आवाज ऐकेल आणि त्यातली ओवी बाळाला झोपवताना म्हणेल. मग तिला नवे काम मिळाले असे म्हणावे लागेल.

आता राहिला तो नावांचा प्रश्न, आणि मला तोच जास्त टोचतो. चित्रपटगीत लागले की निवेदक गीतकाराचे, संगीतकाराचे, गायिकेचे नाव सांगतो. चांगली चाल आहे. पण तमाशाच्या फडात शेकडो गाणी झाली, त्यांच्या कर्त्यांची नावे किती जणांनी ऐकली? शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन 'कवठेकर' यांनी आयुष्यभर फडांसाठी लावण्या, गवळणी, वग लिहिले. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ साली ते गेले. त्यांची गाणी ऐकून टाळ्या वाजवलेली माणसे आपल्याच पंचक्रोशीत हजारोंनी असतील. त्यांच्यातल्या किती जणांना, हे गाणे आपल्या शेजारच्या गावच्या माणसाने लिहिले, हे त्या रात्री कळले असेल? फडावर ढोलकी वाजते, गाणे होते, पहाट होते, तंबू उतरतो. कर्त्याचे नाव सांगायचे राहून जाते. आणि बारीतल्या बायकांनी चालीत जे फेरफार केले, ज्या अदा घातल्या, ज्यांवरून पुढे सिनेमावाले शिकले, त्यांचा तर हिशेबच नाही.

दौंड तालुक्यातल्या एका शाळेतला प्रसंग सांगतो आणि थांबतो. शाळेचे नाव घेत नाही. गॅदरिंगची तालीम चालली होती आणि मी पाहुणा म्हणून बसलो होतो. एका मुलीने बुगडीवर नाच बसवला होता. तो पास झाला. दुसरी एक मुलगी उठली आणि एक लावणी म्हणू लागली. गळा चांगला होता. दोन ओळी झाल्या असतील, तोच गुरुजींनी हात वर केला.

"कुठल्या सिनेमातलं?"

"सिनेमातलं न्हाई गुरुजी. आजीचं हाय."

"आजी काय करायची?"

मुलगी गप्प राहिली. कोणीतरी मागून हसले. गुरुजी म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी बघू," आणि यादीत पुढचे नाव वाचले.

मधल्या सुट्टीत मी तिला बोलावून ती लावणी पुरी म्हणायला लावली. चार कडवी होती. चौथ्या कडव्यात, जुने शाहीर घालीत तसे, एका बाईचे नाव गुंफलेले होते.

"हे कोण गं?" मी विचारले.

"आजीच," ती म्हणाली, आणि मी वहीत लिहिलेले नाव चुकले होते ते तिने दुरुस्त करून दिले.